खुंटीला टांगलेला लंगोट

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माणिक चौकातून इकडं वळताना एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांनी मला अडवलं. ‘आज काय विषय आहे?’ म्हटलं, कुस्ती. ‘कुणाची?’ म्हटलं, गणपतराव आंदळकरांची. त्यावर ते म्हणाले, ‘ते कोल्हापूरचे की हो. आपल्या शुक्रवार पेठेत त्यांचं काय?’ प्रश्न बिनचूक आहे. उत्तर द्यायला मला बहुधा तासभर लागेल, म्हणून त्यांनाही आत घेऊन आलो. ते तिथं खांबाजवळ बसले आहेत.

आपल्या गावात पत्ता कसा सांगतात बघा. पत्रा तालमीजवळ, पाणीवेस तालमीच्या मागं, थोरला मंगळवेढा तालमीपाशी. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. आत हौदा आहे का, असला तर त्यातली माती शेवटची कधी खणली, हे रिक्षावालाही विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. गणपती जवळ आले की मात्र याच तालमींच्या नावानं लेझमाचे ताफे निघतात, रात्री उशिरापर्यंत सराव चालतो, आणि आजोबा गणपतीच्या या पेठेला ते मी वेगळं सांगायला नको. म्हणजे तालीम आहे, तालमीचं नाव आहे, तालमीची पोरंही आहेत. कुस्ती तेवढी मधून उठून गेली. ती कशी गेली हे सांगण्यापेक्षा एखाद्या ठिकाणी ती कशी राहिली हे बघावं, असं मला वाटलं, आणि तसं बघायला गेलं की आंदळकरांचं नाव घ्यावंच लागतं.

पण आधी आमच्या तात्यांबद्दल बोलतो. तात्या माझे चुलते. मिलच्या साचेखात्यात कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ पैलवान होते. त्यांचे दोन्ही कान फुटलेले. कुस्तीत कान फुटणं म्हणजे बहिरं होणं नव्हे. लढताना डोक्याला डोकं घासतं, समोरच्याच्या मनगटाचा रट्टा कानावर बसतो, वरची कातडी आतल्या कूर्चेपासून सुटते आणि मधल्या फटीत रक्त साठतं. ते वेळेवर काढलं नाही तर तिथंच थिजून गाठ होते. मग कानाच्या वळ्या बुजून जातात आणि वाळलेल्या अंजिरासारखा एक गोळा डोक्याला चिकटलेला राहतो. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तो बोटानं दाबून बघायचो, लाकडासारखा लागायचा. नव्या पोरांना या कानाची घाई असते. मिसरूड फुटायच्या आधी कान फुटला तर पोरगं आरशासमोरून हलत नाही. बाजारात अनोळखी माणूस कानाकडं बघून ‘कुठल्या तालमीचे?’ असं विचारतो, तेव्हा सांगायला दुसरं ओळखपत्र लागत नाही.

तात्या मोठे पैलवान नव्हते, हे मी आदरानंच सांगतो. नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या करत करत ते गावोगावच्या जत्रांत तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या जोडीपर्यंत पोचले. मोठ्यात मोठं इनाम म्हणजे एक पटका आणि पन्नास रुपये. तो पटका आमच्या घरातल्या तीन लग्नांत तीन नवरदेवांनी बांधला. एकोणतिसाव्या वर्षी एका जत्रेत टांग मारताना त्यांचा स्वतःचाच गुडघा फिरला आणि लंगोट खुंटीला गेला. त्या कुस्तीच्या आधी एका गावच्या पुढाऱ्यानं ‘शाळेत शिपायाची जागा बघतो’ असा शब्द दिला होता. तात्यांनी आठ वर्षं त्या शब्दाची वाट पाहिली. पुढाऱ्याचं नाव मी सांगणार नाही, ते आता नाहीत आणि शब्द तर त्यांच्याही आधी गेला.

आता हा माणूस व्यावसायिक पैलवान होता की नव्हता? त्याला कुस्तीचे पैसे मिळत होते, म्हणजे होता. त्यावर त्याचं घर चालत नव्हतं, म्हणजे नव्हता. आपल्याकडचा हा धंदाच असा अर्धामुर्धा आहे. जत्रेची कमिटी फड भरवते, वर्गणी गोळा करते, जोड्या ठरवते. पहिल्या नंबरच्या कुस्तीला मोठी रक्कम, दुसऱ्या नंबरला त्याहून कमी, असं उतरत उतरत पोरांच्या नारळापर्यंत. हलगी-घुमकं वाजायला लागलं की पैलवान फडात फेरी मारतो, हातसलामी होते, खडाखडी सुरू होते. जिंकलेला गडी पुन्हा एक फेरी मारतो, आणि त्या फेरीत कुणी दहाची नोट देतं, कुणी पन्नासची, एखादा म्हातारा डोळे पुसत शंभरची देतो. इनामाचा आकडा हॅण्डबिलावर छापलेला असतो, पण ही फेरीतली कमाई कुठंच छापलेली नसते. कुस्ती बराच वेळ सुटली नाही तर पंच ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. इथंच नूरा कुस्तीची कीड शिरते, म्हणजे दोघांनी आधीच ठरवून लढल्यासारखं करायचं आणि पैसे निम्मेनिम्मे घ्यायचे. जुनी माणसं नूरा कुस्ती तिसऱ्या मिनिटाला ओळखत आणि फडातच ओरडत. असं ओरडणारी माणसं होती तोवर कुस्तीला दुसऱ्या कुणा राखणदाराची गरज नव्हती, असं मला वाटतं.

या सगळ्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला खुराक असतो. दूध, तूप, मटण, बदामाची थंडाई. बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सोलून खसखस, मिरी, बडीशेपेबरोबर कुंडीत वाटायचे. हे वाटणं म्हणजे तालमीतल्या धाकट्या पोराची पहिली नोकरी. शेतकऱ्याच्या घरातून एक पोरगं कोल्हापूरला तालमीत ठेवायचं म्हणजे घरातली एक म्हैस त्याच्या नावानं बांधायची, आणि तरी वरून पैसे पाठवायचे. मिळकत वर्षातून जत्रांच्या हंगामात, खर्च रोज. शिवाय मिळकत अठरा ते तिशीपर्यंत, आणि भूक जन्मभर. मेहनत थांबली तरी जीभ आणि पोट जुन्याच तोऱ्यात राहतात. डॉक्टर मंडळींना विचारा, चाळिशी उलटलेला पैलवान त्यांच्याकडं साखर आणि गुडघे दोन्ही घेऊन येतो.

हा धंदा आंदळकरांनी कसा केला ते बघू.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातलं पुनवत हे त्यांचं गाव, जन्म १९३५ चा. पंधराव्या वर्षाच्या आसपास ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत आले. त्या वेळचं कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी लावलेल्या झाडाला लागलेली फळं. महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं ते प्राचीन प्रेक्षागार पाहून आले, आणि १९१२ साली खासबागेचं मैदान तयार झालं. तुमच्यापैकी जे तिथं गेले असतील त्यांना आठवेल, आखाडा मध्यभागी आणि प्रेक्षकांची बैठक भोवतीनं चढत गेलेली. शेवटच्या ओळीतल्या माणसाला पहिल्या ओळीतल्या माणसाचं मुंडासं आड येत नाही. माझ्या दृष्टीनं महाराजांच्या कुस्तीप्रेमाचा तोच मोठा पुरावा आहे. राजाश्रय म्हणून पैलवानांना दूध-तूप बऱ्याच संस्थानिकांनी पुरवलं, पण मागं बसलेल्या गरीब माणसाला डाव दिसला पाहिजे, याची काळजी फार थोड्यांनी घेतली.

आंदळकर लढत होते तो काळ हिंदकेसरींचा. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले श्रीपती खंचनाळे, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. म्हणजे आपल्यासारखेच, घरात एक आणि फडात दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलखातले. पुढच्याच वर्षी, १९६० साली, पंजाबच्या खडकसिंगला हरवून आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६४ साली मारुती माने, सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे. पाच-सहा वर्षांत तीन गदा कृष्णा-वारणेच्या आणि दूधगंगेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांकडं आल्या.

मधलं वर्ष १९६२ चं. जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारताला कुस्तीत तीन सुवर्णपदकं मिळाली, त्यांतली दोन या दोघा शेजाऱ्यांची. माने यांना फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांचं बरोबर उलटं, फ्रीस्टाईलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, तेही सगळ्यांत वरच्या वजनगटात. मी इथं जरा थांबणार आहे, कारण या ग्रीको-रोमन सुवर्णाचं नवल आपल्याला पुरेसं वाटलेलं नाही.

ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पायानं डाव करायचा नाही. आता मातीतल्या पैलवानाकडून या दोन गोष्टी काढून घ्या आणि काय उरतं बघा. समोरून पट काढायचा नाही, दुहेरी पट नाही. टांग नाही, आकडी नाही. ज्या डावांवर जत्रेतली माणसं उठून उभी राहतात ते बहुतेक डाव दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून आत जायचं. उरतं ते मान, बगल, कंबर, छाती, आणि समोरच्याचं वजन कुठं सरकतंय याची जाण. वर पायाखाली माती नाही, गादी. मातीत पाय रुततो, तिचा आधार मिळतो, घामानं भिजलेल्या अंगाला माती चोळली की पकड बसते. गादीवर तसं काही नाही. हे सगळं नसताना पुनवतच्या माणसानं सुवर्ण आणलं. तात्या हे ऐकून एवढंच म्हणाले होते, ‘पाय बांधून पोहला की बे तो.’

दोन वर्षांनी, १९६४ साली, आंदळकर टोकिओ ऑलिम्पिकला गेले आणि त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. साठचं दशक संपायच्या आत त्यांनी लढणं थांबवलं. हिशेब मांडा. तालमीत आल्यापासून लंगोट सोडेपर्यंत सगळी मिळून सतरा-अठरा वर्षं. आपले वर्तमानपत्रवाले कारकीर्द म्हणतात ती एवढीच.

दीर्घ कारकीर्द म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरंच नाव येतं, दारासिंग. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा, १९२८ सालचा जन्म. चाळीसच्या दशकाच्या शेवटी सिंगापूरला गेला, तिथं व्यावसायिक रिंगणात उतरला, आणि १९८३ साली दिल्लीत शेवटची कुस्ती केली तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्याच्या कुस्त्या व्हायच्या, किंगकाँग नावाच्या अगडबंब हंगेरियन मल्लाबरोबरच्या झुंजी तर दंतकथाच झाल्या. १९६८ च्या मे महिन्यात मुंबईतच त्यानं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्या वेळी थेझ बावन्न वर्षांचा होता. आणि हाच थेझ १९९० साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जपानमध्ये आपल्याच एका शिष्याबरोबर पुन्हा रिंगणात उतरला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आमच्या तात्यांना त्या वयात जिना उतरताना कठडा धरावा लागत होता.

हे कसं शक्य होतं? दोरखंडांच्या रिंगणातली कुस्ती हा खेळ आणि नाटक यांचा संसार आहे. तिथला मल्ल आपटतो, पण कसं आपटायचं ते दोघांना ठाऊक असतं. प्रेक्षकांनी पैसे मोजलेले असतात ते त्या माणसाला बघायचे. जिंकणं-हरणं दुय्यम, पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला पाहिजे हे मुख्य. म्हणून तिथं शरीर जपून वापरतात, आणि म्हणून वय लपतं. मी याला हिणवत नाही. थेझ आणि दारासिंग दोघंही अस्सल कुस्ती शिकलेले गडी होते, आणि लोकांना रिझवणं हे काही पाप नव्हे. शिवाय दारासिंगचं ऋण आपल्यावर वेगळंच आहे. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा हनुमान म्हणून तोच यायचा. तालमीतला देव आणि तालमीतला माणूस एकाच अंगात. मधल्या मारुतीजवळच्या एका घरात मालिका सुरू झाली की टीव्हीला हार घालायचे, तो हार देवाला असायचा की पैलवानाला, हे त्या घरातल्या आजींनाही सांगता आलं नसतं.

मातीतल्या कुस्तीत मात्र वय लपत नाही. तिशीतल्या पैलवानाला विशीतलं पोरगं भेटलं की पहिल्या खडाखडीतच दम कळतो. त्यामुळं लांब कारकीर्द करायची तर ती दुसरीकडंच करावी लागते. कुणी राजकारणात गेले. सांगलीचे बिजली मल्ल संभाजी पवार आमदार झाले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवलं आणि पुढं पोलिसात नोकरी केली. १९८४ साली ते रस्त्यावरच्या अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणानंतर मिळाला. त्याबद्दल बोलायला लागलो तर आजचा तास त्यातच जाईल, आणि मी रागावून बोलेन, म्हणून ते सोडतो.

आंदळकर तालमीतच राहिले. लंगोट खुंटीला टांगला तो मोतीबागेतल्याच खुंटीला, आणि त्या खुंटीखाली ते वस्ताद म्हणून बसले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. म्हणजे लढणं सतरा-अठरा वर्षं आणि शिकवणं त्याच्या जवळजवळ तिप्पट. पठ्ठे त्यांना आबा म्हणत. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंबा मुतनाळ त्यांच्या हाताखालचे. दादू चौगुले त्यांच्या हाताखालचे. तेही लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरी, १९७४ साली क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्य. १९८५ चे महाराष्ट्र केसरी विष्णू जोशीलकर मोतीबागेचेच. आणि दादूंचे चिरंजीव विनोद पुढं हिंदकेसरी झाले. ही नावं मी शाळेतल्या हजेरीसारखी घेतली, कारण वस्तादाची कुस्ती अशीच मोजावी लागते. ती एका मैदानात दिसत नाही. त्यानं लढलेली कुस्ती तीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या अंगातून बाहेर पडते.

याचं एक उदाहरण आपल्या जवळच्या जिल्ह्यातलं आहे, ते मला फार आवडतं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल सुवर्ण. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्यांतलं एक पोरगं काका पवार, अर्जुन पुरस्कार मिळवणारं. दुसरं बीड जिल्ह्यातलं राहुल आवारे, जे बिराजदारांच्या पश्चात काका पवारांकडं शिकलं आणि २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. बिराजदार २०११ साली गेले होते. त्यांच्या सुवर्णानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच स्पर्धेतलं सुवर्ण त्यांच्या पठ्ठ्याच्या गळ्यात पडलं. २०२० च्या जानेवारीत तर महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत दोन्ही बाजूंना काका पवारांचेच पठ्ठे होते, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके. अशा वेळी वस्तादानं कुणीकडं बघायचं? महाभारतातल्या द्रोणाचार्यांनाही एवढी अडचण झाली नसेल.

वस्ताद नेमकं करतो काय, हे बाहेरच्याला चटकन दिसत नाही. पहाटे पोरं यायच्या आधी तो माती बघतो. हौद्यातली माती म्हणजे अंगणातली माती नव्हे. चाळून घेतलेली तांबडी माती, तिच्यात ताक, लिंबू, हळद, कापूर, तेल घालून मुरवलेली, रोज खणून उलटीपालटी केलेली. खणली नाही तर ती दगड होते आणि पोराचा खांदा निखळतो. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी झालं तर धूळ. मूठभर माती हातात दाबून सोडली की ती एका ढेकळात राहिली पाहिजे आणि अंगठा लावताच फुटली पाहिजे. हे त्याला पुस्तकानं शिकवलेलं नसतं. मग जोर-बैठका, मग लढती. वस्ताद बहुतेक वेळ गप्प असतो. जोडी लावून देताना मात्र त्याची सगळी अक्कल लागते, कोणत्या पोराला आज कुणाखाली द्यायचं, कुणाला मुद्दाम हरू द्यायचं, कुणाचा माज महिनाभर राहू द्यायचा आणि कधी उतरवायचा. एखादा डाव चुकला तर तो उठून येतो, पोराच्या कमरेला नुसता हात लावतो, आणि तो हात कुठं लागला एवढ्यावरून पोराला चूक कळते.

मग आबांसारखी कारकीर्द सगळ्या पैलवानांची का नाही होत? उत्तर सरळ आहे आणि फार सुखाचं नाही. पन्नास पोरांच्या तालमीला वस्ताद एकच लागतो. उरलेले एकोणपन्नास तिशीत घरी जातात. त्यांतल्या दोघाचौघांना पोलिसात, रेल्वेत, सैन्यात नोकरी लागते. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी झालेल्यांना सरकार मानधन देतं. पण तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या जोडीत आयुष्यभर लढलेल्या माणसाच्या म्हातारपणाचं काय, याचा विचार फड बघणाऱ्या आपण कधी केलाय? २०२३ च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरीला थार गाडी मिळाली, आणि आमच्या ओळखीतली दोन पोरं त्या गाडीचा फोटो बघून कोल्हापूरला गेली. मी त्यांना अडवलं नाही. पण गाडी एक आहे आणि तिच्यासाठी खुराक खाणारी पोरं हजारो, हा हिशेब त्यांना कुणीतरी सांगायला हवा होता.

आपला जिल्हा पैलवान देत नाही असं कुणी समजू नये. करमाळ्याच्या बाजूचा बाला रफिक शेख २०१८ साली जालन्याला महाराष्ट्र केसरी झाला. मोहोळचा सिकंदर शेख २०२३ च्या नोव्हेंबरात झाला. मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड अंतिम फेरीपर्यंत धडक मारून आलेला. पोरं आपल्या मातीतली. घडली मात्र सिकंदरसारखी कोल्हापूरच्या गंगावेशीत, नाहीतर पुण्यात. आपण ज्वारी पिकवतो आणि भाकरी दुसऱ्याच्या तव्यावर भाजली जाते. खांबाजवळच्या गृहस्थांच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर झालं. ते मान हलवतायत, पटून की डुलकीनं ते इथून दिसत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर पुन्हा तात्यांकडं जातं.

मिल बंद पडली तेव्हा तात्या पन्नाशीत होते. त्यानंतर ते रोज पहाटे तालमीत जायला लागले. तालमीचं नाव सांगत नाही, आता तिथं कुस्ती नाही आणि मला कुणाला दुखवायचं नाही. किल्ली त्यांच्याकडं होती, कारण दुसऱ्या कुणी मागितली नव्हती. हौद्यातली माती दगड झाली होती. त्यांनी घरून फावडं नेलं आणि एकट्यानं ती खणायला घेतली. गुडघा दुमडत नव्हता, म्हणून एका पायावर टेकून, रोज हातभर. गल्लीतल्या ताकवाल्याकडून उरलेलं ताक आणायचे. आई म्हणायची, ‘लढायला कोण येणार आहे तिथं?’ ते म्हणायचे, ‘माती तर तयार असू दे की.’ दोन वर्षांत चार पोरं आली, तीन गेली. चौथ्याला नोकरी लागली.

पुढं ऐकू कमी यायला लागलं. श्रवणयंत्र बसवायला आम्ही त्यांना घेऊन गेलो. यंत्र कानात बसवायचा साचा घ्यायला त्या मुलीनं तीनदा प्रयत्न केला, पण फुटलेल्या कानात वाटच वाकडी झालेली, साचा बसेना. शेवटी तिनं विचारलं, ‘आजोबा, हे कशानं झालं?’ तात्यांना प्रश्न ऐकू आला नाही, पण तिची नजर कानाकडं आहे हे दिसलं. ते एकदम ताठ बसले आणि तालमीचं नाव सांगितलं.

ते गेले त्याच्या आधीच्या श्रावणातली गोष्ट. मंडळाच्या पोरांना लेझमी ठेवायला जागा हवी होती. तालीम कोरडी, कुलूपबंद, तिच्याएवढी बरी जागा नव्हती. पोरं किल्ली मागायला घरी आली, तर तात्या स्वतःच बरोबर गेले. हौद्याच्या कडेला लेझमींचा ढीग लागला. मग पोरांनी तिथंच, पावसामुळं, आतच सराव सुरू केला. तात्या पायरीवर बसून बघत होते. हलगी त्यांना ऐकू येत नसावी, पण पायरीतून जाणवत असावी, कारण त्यांची बोटं ठेक्यावर हलत होती. चौथ्या ओळीतलं एक पोरगं खाली बसून उठताना दर वेळी डगमगत होतं. तात्यांनी ते दोन-तीनदा बघितलं. मग भिंतीला धरून उठले, ओळीत घुसले आणि त्या पोराच्या कमरेला हात लावला.

‘गुडघा पुढं घे,’ ते म्हणाले. ‘टाच उचल. हां. आता ढकलतो, पडू नको बे.’